बंदूक साफ करायला रॉकेल-थिनर: चालतं की नुसती कंजुषी?

काटोल रोडवाला
बाबांची बारा बोर आता माझ्या नावावर आली. दुनाळी आहे, जुनी पण ठणठणीत. संत्र्याच्या बागेत रानडुकरं घुसतात म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना. परवा नागपुरात एका दुकानात नळी साफ करायच्या विदेशी बाटलीचा भाव विचारला आणि मुकाट्यानं पायऱ्या उतरलो. बाटली खोकल्याच्या औषधाएवढी, आणि झाकण उघडलं तर वास रॉकेलच्या खानदानातलाच!
माझं म्हणणं असं: काजळी रॉकेलनं निघते, चिवट मळ थिनरनं निघतो, वरून शिलाई मशीनचं तेल. झालं. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा. ‘कंपनी असं सांगते’ हे मी कारण धरत नाही.

कामठीचा आर्मरर
कारण घ्या. रॉकेल तेलकट मळ सोडवतं, मीठ सोडवत नाही. जुन्या ३०३ रायफलीच्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोका बसला की पेटते त्या बुडाच्या टिकलीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळीला आतून खड्डे पाडतं. म्हणून फौजेत गोळीबार झाला की नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी चिंधी, मग तेल. रॉकेलची चिंधी पांढरी निघाली म्हणून नळी साफ झाली असं समजणारे पुष्कळ पाहिले. मळ कोणता आहे ते आधी बघा, द्रव मग ठरवा.

काटोल रोडवाला
काका, मान्य. पण माझी काडतुसं आजची आहेत, ३०३ च्या जमान्यातली नाहीत. आजच्या टोपीत ते क्लोरेट सहसा नसतं. मग माझ्या नळीत मीठ आलं कुठून? तुम्ही लढाईतल्या रायफलीचा नियम बागेतल्या बारा बोरला लावून राहिले.

उमरेडकर पाटील
भाऊ, तुमची बारा बोर आहे, आमच्या इकडं कित्येकांजवळ अजून भरमारच आहे, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक. तिच्यात बंदुकीची काळी दारू. तिच्या राखेत बी क्षारच राह्यते, अन् ते क्षार पाणी ओढते. रॉकेल मारलं तर नळी वरून चकाकते, अन् पोळ्यापर्यंत आतून लाल होते. तिले साबणाचं गरम पाणीच लागते. पाणी इतकं गरम पायजे का नळी हातात धरवली नाही पायजे, म्हणजे मग ते आपोआप वाळते. बुढे लोक हेच करत होते, त्यायले कोणती बाटली माहीत होती?

रेंजवाली
मी पोरांना दहा मीटर एअर रायफल शिकवते, म्हणून त्या बाजूनं लिहिते. ४.५ मिमीची, २० जूलच्या आतली एअर गन परवान्याशिवाय मिळते. त्यामुळे ती घरोघरी आहे, आणि सगळ्यात जास्त रॉकेल तिच्यातच ओतलं जातं. कृपा करून ओतू नका. स्प्रिंगच्या एअर गनमध्ये दट्ट्या हवा एकदम दाबतो, हवा तापते, आणि आत रॉकेल किंवा साधं तेल असेल तर ते पेटतं. डिझेल इंजिनात जे मुद्दाम करतात ते इथे नको असताना होतं. मोठा आवाज, नळीतून धूर, आणि आतलं सील जळून जातं. पोरांना वाटतं ‘पॉवर वाढली’.
स्पर्धेच्या रायफलीत साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते. तिथे पेट्रोलियम तेलाचा थेंबसुद्धा नको. रॉकेलनं रबरी रिंगा फुगतात. नळीसाठी फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या मिळतात, त्या मारल्या की बहुतेक वेळा काम भागतं.

महालातला
ताई, एअर गनपुरतं पटलं. पण घरगुती द्रव म्हणजे अडाणीपणा हा सूर मला मान्य नाही. अमेरिकेत एड हॅरिस नावाच्या जाणकाराचं एक घरगुती मिश्रण फार चालतं. रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन, ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल, चारही समभाग. रंग लाल, म्हणून त्याचं नावही लाल. तेही जुन्या शस्त्रागारातल्या कृतीवरून बेतलेलं आहे, त्या कृतीत देवमाशाचं तेल असायचं. म्हणजे तिकडचे नेमबाज जे बादलीत ढवळतात, तेच आपण इथे बाटलीत विकत घ्यायचं?

कामठीचा आर्मरर
त्या मिश्रणाला मी नावं ठेवत नाही. फक्त त्यात गिअरचं तेल कशासाठी आहे ते बघा. बाकीचे तीन उडून जातात, तेल मागे राहतं आणि लोखंड झाकतं. आपल्याकडे काय होतं? नुसतं थिनर मारतात आणि बंदूक कपाटात ठेवतात. थिनरनं जुनं तेलसुद्धा धुऊन नेलेलं असतं, लोखंड उघडं पडतं. शिवाय लाकडी दस्त्यावर सांडलं की पॉलिश गेलंच, आणि प्लास्टिकचा भाग असेल तर तो चिकट होतो. थिनर भिंतीच्या रंगवाल्याकडेच राहू द्या.

काटोल रोडवाला
बरं, थिनर तुमचं. रॉकेल मी सोडत नाही.

धंतोलीची मावशी
रॉकेल सोडू नका, पण मे महिन्यात सोडा! रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच ठिणगीनं पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे दुपारी बंद खोलीत ताटलीत रॉकेल काढून बसलात, तर ते थंडीतलं गरीब रॉकेल उरलेलं नसतं. पेट्रोलची वाफ तर शून्याच्या खाली उणे ४० ला पण पेटते, त्याचं नावच काढू नका. आमचे हे गच्चीत सावलीला बसून करतात, देवघरातला दिवा आणि गॅस दोन्ही लांब. आणि मुळात काडतूस काढलंय ना, हे दोन्ही नळ्यांत बोट घालून बघितल्याशिवाय मी त्यांना चिंधी देत नाही. हसा खुशाल.

उमरेडकर पाटील
हसून नाही राहिलो मावशी. बरोबर आहे तुमचं.

रेंजवाली
मावशींच्या म्हणण्यात भर. त्या चिंधीवर शिसं असतं. छर्रे शिशाचे, काजळीत शिशाची पूड. रॉकेलनं हाताची कातडी कोरडी होते, भेगा पडतात. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हात धुऊ नका, साबण लावून मोरीत धुवा. रबरी हातमोजे घातले तर उत्तम.

महालातला
सगळे द्रवावर भांडून राहिले, खरा शत्रू कोपऱ्यात घरघरतोय. कूलर! एप्रिल ते जून बाहेर हवा कोरडी ठाक, आणि घरात खसच्या ताट्यांतून ओल. लोखंडी कपाट कूलरसमोर असलं तर बंदुकीला पावसाळा दोन महिने आधीच लागतो. कितीही महागाचं सॉल्व्हंट वापरा, काय उपयोग?

काटोल रोडवाला
हे मात्र लाखातलं बोललात. आणि खोबरेल लावणाऱ्यांनाही सांगा. डिसेंबरात इकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. खोबरेल पंचविशीच्या आसपासच थिजायला लागतं. घोड्याच्या आत गेलेलं खोबरेल थिजलं की चाप ओढला तरी घोडा सुस्त पडतो. शिलाई मशीनचं तेल थिजत नाही.

धंतोलीची मावशी
आमच्याकडे गंज काढायला कुणीतरी चिंच सुचवली होती. काय म्हणता काका?

कामठीचा आर्मरर
नको. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, काहीच नको. नळीवरचा काळा-निळा मुलामा हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे. जे आम्ल गंज खातं ते मुलामाही खातं. वरवरच्या गंजाला तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जाड कापडानं घासा. खड्डे पडले असतील तर कारागिराकडे न्या, घरी प्रयोग नको.
दस्त्याला जवसाचं तेल लावणाऱ्यांनाही एक सांगतो. रॉकेलची चिंधी आपणहून पेटत नाही. जवसाची पेटते. ते तेल वाळताना तापतं, आणि चिंध्यांचा बोळा करून टाकला तर आतली उष्णता बाहेर जात नाही. चिंधी दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यानं भरलेल्या डब्यात टाका.

उमरेडकर पाटील
काका, आता एकच सांगा. निवडणूक आली का बंदूक ठाण्यात जमा करा लागते. मागच्या खेपेले परत आली तं गंजून. जमा करताना काय लावाव?

कामठीचा आर्मरर
पातळ तेल नको, आठवड्यात खाली उतरतं. आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ थर द्या आणि परत मिळाल्यावर पहिली गोळी झाडायच्या आधी नळी पूर्ण कोरडी पुसा, ग्रीस आत ठेवून झाडू नका. बंदूक प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. आणि पावतीवर ‘नळी आतून स्वच्छ’ असं लिहून मागा. लिहायला टाळाटाळ केली तर त्यांच्या टेबलावरच नळी साफ करायच्या गजाला पांढरी चिंधी गुंडाळून नळीतून फिरवून दाखवा, मोबाइलवर फोटो काढा आणि मग सही करा.