मदत हवी आहे: नाताळच्या टेबलावरचं नॅपकिनचं झाड उभं राहीना

मिरजेचा_धाकटा

नमस्कार मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण २५ तारीख जवळ आलीय आणि घरात यावरून रोज वाद चाललेत म्हणून इथे विचारतोय. आमच्याकडे नाताळला देवळातून (म्हणजे चर्चमधून) आलं की दुपारचं जेवण घरीच असतं, सगळे काका आत्या जमतात, दरवर्षी सतरंज्या टाकून पंगत बसते आणि कुणाला काही अडत नाही. यंदा मात्र ताईच्या सासरची मंडळी पुण्याहून पहिल्यांदा येणारेत, त्यामुळे आईने फर्मान काढलंय की टेबल लावायचं, प्रत्येकाच्या ताटात कापडी नॅपकिनची घडी, आणि ती पण क्रिसमस ट्रीच्या आकाराची. घरात रिकामटेकडा मी, त्यामुळे खातं माझ्याकडे आलं.

ऑनलाइन मागवलेले हिरवे नॅपकिन आहेत, चमकदार, सॅटिनसारखे, १४ नग. व्हिडिओ बघून सगळं तसंच करतो, म्हणजे चौकोनाची चौपदरी घडी, मग एकेक पदराचं टोक वर, मग उलटं करून दोन्ही बाजू आत, इथपर्यंत ठीक. पण परत सरळ करून टोकं वर खोचायला गेलो की खालचे पदर सुटतात आणि झाडाचा पालापाचोळा होतो. इस्त्री मारून पण बघितली, गार झालं की परत फुगतं. आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती, तिची चादरीची घडी अजून एक नंबर असते, ती लांबून बघून नुसती हसते आणि म्हणते कापडात दम नाही रे बाळा.

तर प्रश्न असा की घडीत चुकतंय का कापडात, खळ करायची तर कशाची आणि किती, आणि नवीन कापड घ्यावं लागलं तर किती मीटर. अजून एक, जेवायला मटण आणि तांबडा रस्सा आहे, तर या नॅपकिनांचं पुढे काय होणार हे पण कुणीतरी खरं खरं सांगा.

वाईचा_वेटर

आजींचं ऐक भावा. मी महाबळेश्वरला हॉटेलात बरीच वर्षं टेबलं लावलीत. तुझं ते चमकदार कापड पॉलिस्टर असणार. एक कोपरा मुठीत दाबून धर, दहा पंधरा सेकंदांनी सोड, सुरकुती न राहता कापड उसळून परत सपाट झालं तर त्याच्यावर कुठलीच घडी टिकणार नाही, खळ पण त्यात नीट मुरत नाही. सुती घे, साधं पॉपलीन चालतं.

दुसरी गोष्ट कुणी व्हिडिओत सांगत नाही, नॅपकिन खरंच चौकोनी आहे का बघ. कर्णावर दुमडून दोन्ही टोकं जुळतात का ते बघायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात लांबीकडून जास्त आटतं, पन्ह्याकडून म्हणजे रुंदीकडून कमी, म्हणून दुकानातून आणलेला चौकोन धुतल्यावर चौकोन राहत नाही, मग झाड एका बाजूला कलतं आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

आता झाडाची घडी. चौपदरी घडी केलीस की सुटी टोकं खाली आपल्याकडे, बंद कोपरा वर. वरचा पदर उचलून बंद कोपऱ्याच्या इंचभर खाली आणायचा, दुसरा पदर त्याच्या टोकाच्या इंचभर खाली, असे चारही. इथे अंतर सारखं पाहिजे, डोळ्याने नको, बोटाचं एक पेर माप धर. मग एक हात पदरांवर पालथा ठेवून आख्खं उलटं कर, बहुतेकांचं इथेच सुटतं, उचलायचं नाही, दुसऱ्या हाताने खालून आधार देऊन पलटायचं. डावी उजवी बाजू आत एकमेकीवर येऊ दे, एका बाजूला निमुळतं टोक तयार होईल. परत पलटी मारून ते टोक वर घे. आता सगळ्या पदरांची टोकं खाली बघतायत. सगळ्यात वरच्या पदराचं टोक वर दुमडलं की तो शेंडा, त्याच्या खालच्याचं टोक दुमडून वरच्या पदराच्या पोटात खोचायचं, असं खाली खाली येत जा. प्रत्येक दुमडीवर नखाने नाही, तळहाताने दाब दे.

आम्ही बिशपच्या टोपीची घडी पण करायचो, उभी राहते, रुबाबदार दिसते. पण तुमच्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, जेवायला येणार असतील तर आधी विचारून घे 😄

मिरजेचा_धाकटा

पाळक येणारेत 😂 त्यांना टोपी नको, झाडच बरं. मुठीची टेस्ट केली, आमचं कापड सपशेल नापास, हातात काही धरलं होतं असं वाटतच नाही. आईला अजून सांगितलं नाही.

पिको_फॉल_विश्रामबाग

शिलाईचं काम करते म्हणून कापडाचं मी सांगते. इकडे इचलकरंजी, विटा हाकेच्या अंतरावर, कापडाला काय तोटा. ३६ इंच पन्ह्याचं पॉपलीन घेतलं तर पन्ह्यात १८ इंचाचे दोन बसतात. १४ नॅपकिनला सात ओळी म्हणजे १२६ इंच, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आत बाहेर, त्यात आटणार म्हणून साडेतीन मीटर घ्या. पण दादा, आधी धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कापायचं, उलटं केलंत तर वरचे वाईकर म्हणतात तेच होणार. तयार नॅपकिन १६-१७ इंचाचा पडेल, झाडाला तेवढा पुरतो. त्याहून लहान घेऊ नका, इंच इंच अंतर सोडलं की शेवटच्या पदराला जागाच उरत नाही.

आणि कडेला दुहेरी दुमडून शिलाई मारू नका, पिको करून घ्या. शिलाईची कड जाड होते, चार पदर एकावर एक आले की टोकं फुगतात. शेजारी पिकोवाली असेल तर १४ नग तासाभराचं काम आहे. गडद हिरवं घेतलंत तर पहिल्या धुण्यात रंग जातो, वेगळं धुवा, नाहीतर पुण्याच्या पाहुण्यांना हिरवा शर्ट भेट द्यावा लागेल.

सुगरण_काकू

अरे खळीचं कुणीच नीट सांगितलं नाही. बाजारातली तयार पावडर मिळते ती पण चालते, पण घरात कॉर्नफ्लॉवर असतंच. अर्धा लिटर पाण्याला एक मोठा चमचा. थोड्या गार पाण्यात आधी कालवून घे, गुठळी नको, मग उरलेलं पाणी उकळवून त्यात ओत आणि ढवळत राहा, दुधट रंग जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरव. गार झाल्यावर फडक्यातून गाळ, गाळलं नाहीस तर गडद कापडावर पांढरे डाग दिसतात. त्यात बुडवून घट्ट पिळ, सावलीत सरळ ताणून वाळत घाल. पूर्ण वाळू द्यायचं नाही हं, ओलसर असतानाच इस्त्री, नाहीतर कडक सुरकुत्या बसतात त्या निघत नाहीत. भाताची पेज पण चालते, आमच्या सासूबाई तीच वापरायच्या, पण गाळायचा कंटाळा येतो. फार कडक करू नकोस, पुठ्ठा झाला तर टोक खोचताना पदर मोडतो. आणि सण झाला की धुवून मगच कपाटात, खळीच्या कापडाला कसर लागते, झुरळं पण येतात.

रश्श्याचं विचारलंस ते महत्त्वाचं. सांगलीची हळद आहे ती, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, एका धुण्यात जाईल अशी आशा ठेवू नकोस 😀 साबण लागला की पिवळा डाग लालभडक होतो, बायका घाबरून अजून घासतात, तसं करायचं नाही, साबणाने तो रंग बदलतोच. खळबळून धू आणि दोन दिवस कडक उन्हात टाक, हळदीचा रंग उन्हाने उडतो. तेलाचा डाग मात्र आधी भांड्याच्या लिक्विडने काढ. खळ असली की डाग सरळ धाग्यात न जाता वर अडकतो, तो पण एक फायदा. तरी माझं ऐकशील तर झाड ताटात शोभेला राहू दे आणि हात पुसायला बाजूला कागदी ठेव. पाहुणे घडी बघून बिचकतात रे, मोडावी की नको, शेवटी ओले हात हवेत धरून बसतात.

मिरजेचा_धाकटा

काकू हे बिचकण्याचं अगदी पटलं, आमचे काका हमखास धोतराला पुसतील. ठरलं, पॉपलीन, साडेतीन मीटर, उद्याच जातो. अजून दोन छोट्या शंका. लहान पोरांसाठी सोपं काही आहे का, चार पोरं आहेत, त्यांना स्वतः करायचंय. आणि झाडं आदल्या रात्री करून ठेवली तर चालतील का, कारण २५ ला सकाळी देवळात कॉयरमध्ये मी आहे.

वाईचा_वेटर

पोरांना मेणबत्ती करायला सांग. कर्णावर दुमडून त्रिकोण, लांब कडेची दीड इंचाची पट्टी वर, मग उलटं करायचं, एका टोकापासून घट्ट गुंडाळत जायचं आणि शेवटचं टोक खालच्या पट्टीत खोचायचं. स्टीलच्या ग्लासात उभी राहते, लाल कापड असलं तर अजून भारी. यात पदर वगैरे काही नाही, पाच सहा वर्षांचं पोरगं पण करतं. तुझ्या त्या सॅटिनची मेणबत्ती होईल, ग्लासात असली की सुटायला जागा नसते, ते १४ वाया घालवू नको.

झाडं आदल्या रात्री बिनधास्त कर, सपाटच असतात. मोठ्या परातीत एका थरात मांड, वरून कोरडं फडकं टाक. एकावर एक रचू नको, खालच्यांचे पदर दबून सगळं एकसारखं सपाट दिसतं. ताटात ठेवताना शेंड्याला धरून उचलायचं नाही, खाली हात घालून उचल. सुरूची एखादी बारीक डहाळी बुंध्याला खोचलीस तर वेगळ्या सजावटीची गरज नाही.

पिको_फॉल_विश्रामबाग

आणि दुकानात जाताना दिवसा जा, ट्यूबलाइटखाली हिरवा आणि मोरपंखी एकच दिसतात.