मदत हवी आहे: रोव्हर घ्यावा की ड्रोन? आणि गट केळीत का सरकतोय?

साखळीवाला, यावल

राम राम मंडळी. खासगी सर्व्हेचं काम करतो, १२ वर्षं झाली. टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजायचं यंत्र), त्याचं प्रिझम धरायला एक पोरगा आणि मोटारसायकल, एवढंच दुकान. बहुतेक काम केळीच्या वावरांचं: ठिबकसाठी उतार काढून देणं, शेततळ्यातून किती माती निघेल ते सांगणं. आधी कागदावर कंटूर (समान उंचीच्या रेषा) दिले की गिऱ्हाईक खूश. आता ठिबकवाला म्हणतो केएमएल (मोबाइलच्या नकाशावर उघडणारी फाइल) पाठवा, सोलरवाले ऑर्थोमोझॅक (ड्रोनचे फोटो जोडून केलेला मापाचा फोटो-नकाशा) मागतात.

मागच्या आठवड्यात फजिती झाली. स्कॅन केलेल्या गाव नकाशावरून एक गट क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उचलला, यूटीएम झोन ४३ उत्तर (आपल्या पट्ट्याची निर्देशांक पद्धत) लावला आणि केएमएल करून दिला. गिऱ्हाइकाच्या पोरानं मोबाइलवर उघडला तर पूर्वेची हद्द शेजारच्या काकांच्या केळीत १२ मीटर आत! पाच फुटांच्या लागवडीत सात-आठ ओळी. अर्ध्या तासात निम्मं शिवार बांधावर. आमच्याकडे ३३ बाय ३३ फुटांच्या गुंठ्यावरून भावाभावांचं बोलणं बंद होतं, तिथं हे.

तर दोन प्रश्न. चूक कुठं झाली? आणि कर्ज काढून एकच वस्तू घेता येईल, तर आरटीके रोव्हर (सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारा जीपीएस) की ड्रोन?

नकाशेबहाद्दर, पुणे

झोन बरोबर आहे, ७२ ते ७८ रेखांश म्हणजे ४३च. जुन्या एव्हरेस्ट डेटमचा (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या आधाराचा) घोळ असता तर फरक १२ मीटरवर थांबला नसता. मूळ नकाशा साखळीनं मोजलेला, त्यावर अक्षांश-रेखांश नव्हतेच. कागद आकसला, घडीवर फाटला, मग कुणीतरी स्कॅन करून तीन-चार खुणांवर बसवला. तुम्ही किती खुणा धरल्या? त्यात मोबाइलवरचा सॅटेलाइट फोटोही काही मीटर इकडेतिकडे असतो. म्हणजे सरकलेला नकाशा सरकलेल्या फोटोवर.

जागेवरचे चार जुने हद्दीचे दगड मोजा. सगळे एकाच दिशेला तेवढेच सरकले असतील तर बसवण्यातली चूक आहे, सुधारेल. एकीकडे चार, दुसरीकडे १५ मीटर निघालं तर कागदच वेडावाकडा आहे. आणि केएमएलवर ठळक लिहा: हद्दीसाठी नाही. हद्द भूमी अभिलेखची मोजणीच ठरवणार.

तापीकाठ, शिरपूर

भो, रोव्हर घे. ड्रोन उडवलास तरी जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (फोटो बसवायच्या पक्क्या खुणा) मोजायला रोव्हर लागतोच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनांचं (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांचं) करेक्शन मोबाइल डेटावर मिळतं, दोन-तीन सेंटिमीटरवर येतोस. फक्त सातपुड्याच्या पायथ्याला रेंज दगा देते, म्हणून रेडिओवर चालणारी बेस-रोव्हर जोडीच (एक यंत्र जागेवर उभं, दुसरं हातात) बघ.

ड्रोन भाड्यानं आण. धंद्यासाठी वापरायचा तर नोंदणी आणि पायलटचं सर्टिफिकेट आलं. वरणगाव-भुसावळकडे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, एअरस्पेसचा नकाशा बघितल्याशिवाय पेटीसुद्धा उघडू नको. मे महिन्यात आमचा टॅबलेट तापून दोनदा बंद पडला, ओला रुमाल गुंडाळून काम उरकलं. आणि उभ्या केळीत ड्रोनला पानंच दिसतात, जमीन नाही. तुझ्या उताराच्या कामाला तो लागवडीआधीच उपयोगाचा.

साखळीवाला

पानांचं डोक्यातच आलं नव्हतं. पण एक जण म्हणतो, फुकटचे सेंटिनेल उपग्रहाचे फोटो वापर, मोजणी कशाला?

नकाशेबहाद्दर

त्याला सांगा, सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटरचा. एकरात जेमतेम ४० ठिपके. केळी कुठं पिवळी पडतेय ते दिसेल, बांध दिसणार नाही. फोटो साधारण पाच दिवसांनी नवा येतो, म्हणून पीक विमा आणि खरेदीदार कंपन्या त्याच्या मागे आहेत. ते काम वेगळं आणि वाढतंय; जमलं तर संध्याकाळी शिका.

तसं तुमच्यासारख्या छोट्या दुकानाला ही वेळ बरी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी भारतीय माणसाला नकाशे बनवायला आगाऊ परवानगीची अट काढली, २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. आधी बारीक नकाशा म्हटलं की मंजुरीचे कागदच नाचवावे लागायचे.

साखळीवाला

रविवारी ओळखीच्याचा रोव्हर मिळतोय. चार दगड धरतो आणि आकडे इथं टाकतो. त्यातला एक दगड काकांच्या केळीत आहे, आणि ते सध्या माझा फोन उचलत नाहीत. गिऱ्हाइकाला पुढे घालून जावं लागणार.