मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये श्रीलंका, बेंटोटा की त्रिंकोमाली?

नमस्कार मंडळी,

१५ ऑगस्टच्या सुमारास आठवडाभर श्रीलंकेला जायचं घाटतंय. सोबत आई-बाबा (बाबांचे गुडघे कुरकुरतात) आणि पाच वर्षांची लेक. एजंटने आखलेला बेत असा: बेंटोटाला दोन रात्री, मग नुवारा एलिया, कँडी, सिगिरिया. पावसाचं विचारलं तर म्हणतो, "तिथे बारमाही सीझन असतो हो!" मला काही पटेना. बेंटोटा नैऋत्य किनाऱ्यावर, म्हणजे मोसमी वारा थेट अंगावर.

बेंटोटा काढून पूर्वेचं त्रिंकोमाली घ्यावं का? नुवारा एलियाला स्वेटर लागतील? सिगिरियाचा कातळावरचा किल्ला बाबांना झेपेल?

प्रतिसाद:

बेंटोटा सरळ काढा. ऑगस्टमध्ये पावसाचा जोर मे-जूनइतका नसतो, पण समुद्र खवळलेला असतो. लेकीला पाण्यात सोडवणार नाही. मधला डोंगराळ भाग ढग अडवतो आणि पलीकडे कोरडं. महाबळेश्वर भिजत असताना माणदेशात फुफाटा उडतो, तोच प्रकार. त्रिंकोजवळ निलावेली, उप्पुवेलीचं पाणी तेव्हा शांत असतं. त्या बाजूचा पाऊस ऑक्टोबरनंतर. एजंट तसा खोटं बोलत नाहीये, कुठला किनारा कधी एवढंच सांगत नाहीये.

नुवारा एलिया जवळजवळ १,८७० मीटरवर. रात्री पारा १२-१३ अंशांवर येतो, शिवाय धुकं आणि रिपरिप. स्वेटर हवेतच, वर रेनकोट.

सिगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि ऊन रणरणतं. तुम्ही सकाळी सातला चढा, बाबांना खालच्या बागेत बसवा. दुपारनंतर सगळे मिळून जवळच्या मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात जीपने जा. ऑगस्ट-सप्टेंबरात तलाव आटत जातो, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि ते खायला हत्तींचे कळपच्या कळप उतरतात. बाबांना किल्ला हुकल्याचं वाईट वाटणार नाही.

कँडीचा एसला पेराहेरा, म्हणजे सजवलेल्या हत्तींच्या मिरवणुकांचा उत्सव, जुलै-ऑगस्टमध्ये पौर्णिमेच्या आधीचे दिवस चालतो. तारखा बघूनच बुकिंग करा, त्या रात्रींना हॉटेलवाले अव्वाच्या सव्वा मागतात.

धागाकर्ती:

खूप आभार! सिगिरियाहून त्रिंको लांब पडेल का?

प्रतिसाद:

नाही, दोन-अडीच तास. लांब पडते ती परत विमानतळाची वाट, पाच-सहा तास धरा. शेवटची रात्र विमानतळाजवळच्या नेगोंबोला काढा. तिथे पाऊस लागला तरी काही बिघडत नाही, नुसतं झोपायचंय.