बटणांच्या फोनवर व्हिडिओ: आवाज येतो, चित्र नाही

प्रश्न: बाबांना स्मार्टफोन नकोच आहे. त्यांच्या बटणांच्या फोनचा स्क्रीन ३२० बाय २४०. नातीचे व्हिडिओ मेमरी कार्डावर टाकून दिले, तर आवाज खणखणीत आणि चित्र काळंकुट्ट. फाइल एमपी४ आहे. नावात थ्रीजीपी (जुन्या फोनच्या व्हिडिओ फाइलचा प्रकार) केलं तर चालेल का?

उत्तर: नाव बदलून काहीही होणार नाही. एमपी४ हा नुसता डबा; आत चित्र आणि आवाज कुठल्या पद्धतीने, म्हणजे कोडेकने, दाबून भरलेत ते महत्त्वाचं. नवे फोन बऱ्याचदा आत एच.२६५ या नव्या कोडेकचं चित्र भरतात, ते जुन्या फोनला उलगडत नाही. आवाजाचा कोडेक एएसी, तो जुन्या फोनलाही कळतो, म्हणून तेवढा वाजतो. एफएफएमपेग या संगणकावरच्या मोफत प्रोग्रामने रूपांतर करा: कोडेक एमपेग-४, सेकंदाला १५ फ्रेम, बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट, म्हणजे केबीपीएस) चित्राला २५०, आवाजाला ६४. दहा मिनिटांचे साधारण २४ एमबी होतील. बिटरेट याहून वाढवू नका, एवढ्याशा स्क्रीनवर फरक दिसत नाही आणि फोन मात्र अडखळतो.

आणखी एक: आडवा व्हिडिओ ३२० बाय १८० करा. सरळ ३२० बाय २४० केलात तर नात उभी ताणलेली दिसेल! फोन इतका जुना असेल की एमपेग-४ही चालत नाही, तर एच.२६३ हा आणखी जुना कोडेक घ्या, पण त्यात मनाला येईल ते माप चालत नाही. १७६ बाय १४४ घ्या, उरलेल्या जागी काळ्या पट्ट्या. आवाज एएमआर (बोलण्यासाठी बनवलेला कोडेक), मोनो, ८००० हर्ट्झ. गाणं असेल तर कान किटतील, बोलणं ठीक.

प्रश्नकर्ता: एमपेग-४ चाललं. पण उभे व्हिडिओ?

उत्तर: १३६ बाय २४०. १३५ नको, माप सम हवं.