प्रतिसाद : मूल झालं नाही तर?

वर एका ताईंनी विचारलंय की येशूच्या आईला, मरियेला, इतका मान देणाऱ्या कॅथलिक धर्मात मूल नसलेल्या बाईला जागा काय? प्रश्न रास्त आहे, पण बायबलमधल्या शुभवर्तमानातच याचं उत्तर आहे. लूकच्या ११व्या अध्यायात गर्दीतली एक बाई येशूला ओरडून सांगते, तुला वाहिलेलं उदर धन्य! येशू म्हणतो, त्याहून देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. म्हणजे मरियेचं थोरपण आधी तिने देवाला दिलेल्या होकारात आहे, बाळंतपण त्यानंतरचं. संत ऑगस्टीनही हेच म्हणतो, तिने येशूला आधी श्रद्धेने धारण केलं आणि मग उदरात.

पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये एखादा बाप्तिस्मा बघा. पांढऱ्या झबल्यातलं बाळ रडून गोंधळ घालतं, बाजूला धर्ममाता, म्हणजे त्याला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी घेणारी गॉडमदर, उभी असते. १९८३च्या चर्चच्या कायद्यानुसार जन्मदात्री आई ही जबाबदारी घेऊच शकत नाही, दुसरीच कोणीतरी लागते. तिला स्वतःचं मूल असलंच पाहिजे अशी अट नाही. (आपल्याकडे तिचं काम बरेचदा बाळाला सोन्याची साखळी देण्यापाशी संपतं, ते सोडा.)

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८च्या पत्रात तर कौमार्यव्रत घेतलेल्या सिस्टरांच्या आत्मिक मातृत्वाबद्दल सविस्तर लिहिलंय. तरीही लग्नात भेटलेल्या काकू ‘काही गोड बातमी?’ विचारतातच. ते आपल्या समाजाचं दुखणं, कॅथलिक असो वा नसो. धर्मशिक्षणाच्या नावावर ते खपवू नये.