तुलूजमध्ये एक रविवार मोकळा मिळालाय, पायी काय काय फिरू?

उद्यमबाग_मशीनवाला:
नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. जूनमध्ये कंपनीच्या कामासाठी फ्रान्सला तुलूजला जायलोय, आठवडाभर ऑडिट आणि मधला एक रविवार फुल मोकळा. हॉटेल ब्लान्याकला, विमानतळाच्या बाजूला. बरोबरचे साहेब म्हणतात गाडी करून कार्कासोनचा किल्ला बघून येऊ, पण गाडीत बसून बसून कंटाळा आलाय ओ, मला निवांत चालायचंय, मन करेल तिथं बसायचं, कॉफी प्यायची, कुणी घाई करायला नको. शाकाहारी आहे, अंडं चालतं. कुणी जाऊन आलंय काय?

टिळकवाडीची_वहिनी:
भाऊ, साहेबांना एकट्यालाच पाठवा किल्ल्यावर 😄 आम्ही मिस्टरांच्या नोकरीमुळं तिथं राहून आलोय. ब्लान्याकवरनं ट्राम धरा, आरेनला उतरून मेट्रोची ए लाईन घ्या आणि कापितोलला, म्हणजे गावाच्या मुख्य चौकात, बाहेर पडा. मेट्रोला ड्रायव्हरच नसतो, त्यामुळं एकदम पुढं उभं राहायला मिळतं, आमची पोरं त्यासाठीच भांडायची.

सकाळी लवकर निघा हं, रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात. कापितोलवरनं सरळ एक गल्ली सें-सेर्नँच्या चर्चला जाते, पाच-सात मिनिटं. आम्ही होतो तेव्हा रविवारी सकाळी चर्चभोवती जुन्या सामानाचा बाजार भरायचा, घड्याळं, भांडी, कुणाच्यातरी आजीचे चमचे; आता कुठं भरतो ते विचारून घ्या. घ्यायचं काही नसायचं पण वेळ कसा जायचा कळायचं नाही. भाजीबाजार पाहिजे तर सें-ओबँच्या चर्चपाशी, तोही रविवारी सकाळीच. चीज, ब्रेड, फळं घेऊन ठेवा, दुपारचं जेवण झालं. कासुले म्हणून तिथली फेमस डिश आहे, कुणी कितीही आग्रह केला तरी नको म्हणा, त्यात बदक आणि डुकराचं सॉसेज असतंय. अंडं-चीज घातलेली गालेत, म्हणजे आपल्या धिरड्यासारखी, मिळते, ती चालेल तुम्हाला. आणि बेकरीत चोकोलातीन, आत चॉकलेट घातलेली खुसखुशीत पेस्ट्री, ती सोडू नका.

खानापूरकर:
वहिनींनी खायचं सांगितलं, मी विटांचं सांगतो. आमच्या घरात वीट-कौलांचाच धंदा, त्यामुळं मी तिथं माणसं कमी आणि भिंती जास्त बघितल्या 😂 त्या भागात बांधकामाला दगड फारसा मिळत नाही, गारोन नदीची माती मात्र भरपूर, म्हणून अख्खं गाव विटांचं. वीट पण बघा कशी, आपल्यापेक्षा लांबरुंद आणि चपटी. ऊन बदलेल तसा रंग बदलतो, लाल-गुलाबी, त्यामुळंच गुलाबी शहर म्हणतात.

जाकोबँचं चर्च चुकवू नका, कापितोलवरनं अगदी जवळ. आत एक खांब आहे २८ मीटर उंच, त्याच्या डोक्यावरनं २२ फासळ्या सगळ्या बाजूनं छताला जातात, ताडाचं झाड म्हणतात त्याला. खाली आरसा ठेवलाय, मान मोडून वर बघायला नको. चर्च फुकट, आतल्या चौकाला तिकीट.

मग पाँ-नफ, गारोनवरचा जुना पूल. १५४४ ला काम सुरू केलं आणि १६३२ ला संपलं, आपल्या ओव्हरब्रिजवाल्यांना सांगायला हरकत नाही. इंजिनिअर आहात तर खांबांच्या वरची भोकं नीट बघा, पूर आला की पाणी त्यातनं निघून जावं म्हणून ठेवलेली. १८७५ च्या महापुरात शेजारचे पूल वाहून गेले, हा टिकला. आपण २०१९ चा पूर बघितलाय त्यामुळं मला ते बघून जास्तच पटलं.

निपाणीचा_भिडू:
चर्चच चर्च काय सांगताय ओ, कालवा राहिला की. कॅनाल द्यु मिदी, १६८१ ला खुला झालेला, तुलूजपासून समुद्राच्या बाजूला साधारण २४० किलोमीटर. काठानं झाडांची सावली, सपाट रस्ता, सायकलवाले सोडले तर त्रास नाही. दोन-तीन किलोमीटर जायचं, एखादी बोट लॉकमधनं, म्हणजे दारं लावून पाणी भरायच्या हौदातनं, वर चढताना बघायची आणि परत. पाणी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात बसून घ्यायचं. माझ्या मते जाकोबँ आणि कालवा एवढंच ठेवा, बाकी जमलं तर.

उद्यमबाग_मशीनवाला:
एक नंबर माहिती. सकाळी बाजार, मग जाकोबँ, पूल, आणि पायात दम असला तर कालवा. ऊन कितपत असतंय? आणि कालव्यावर गेलो तर संध्याकाळी नदीवर परत येणं होईल काय?

टिळकवाडीची_वहिनी:
जूनमध्ये दुपारी चांगलंच तापतं, टोपी न्या. पण उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळं काळजी नको. दुपारी सावलीत कालवा करा, आठला सें-प्येरच्या पुलापाशी या. नदीकाठच्या पायऱ्यांवर पोरंपोरी गिटार घेऊन बसलेली असतात, समोर हिरवा घुमट दिसतो. तिथं जागा मिळायला मात्र जरा लवकर पोचायला लागतं. आणि परतीची ट्राम किती वाजेपर्यंत आहे ते सकाळीच स्टॉपवर बघून ठेवा, रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.

खानापूरकर:
विटांचे फोटो टाका इथं, विसरू नका.