नियुएच्या झेंड्यावर युनियन जॅक राहावा का?

दक्षिण प्रशांत महासागरातलं नियुए हे २६० चौरस किलोमीटरचं बेट १९७४ साली न्यूझीलंडशी नातं राखून स्वशासित झालं. पुढच्याच वर्षी झेंड्याचा कायदा केला: सोनेरी पिवळं कापड, कोपऱ्यात युनियन जॅक (ब्रिटनचा झेंडा), त्याच्या लाल क्रॉसवर पिवळे तारे. आता अर्थ पाहा. पिवळा म्हणजे तिथलं लख्ख ऊन आणि न्यूझीलंडबद्दलचा जिव्हाळा. युनियन जॅक म्हणजे १९०० सालचं ब्रिटिश संरक्षण. चार लहान तारे म्हणजे न्यूझीलंडच्या झेंड्यावरही असलेला त्रिशंकू हा तारकासमूह, म्हणजे पुन्हा न्यूझीलंडच. नियुएच्या वाट्याला क्रॉसच्या मधली निळी चकती, म्हणजे समुद्र, आणि तिच्यावरचा मोठा तारा, म्हणजे खुद्द नियुए. माझं मत: युनियन जॅक काढा आणि ती चकती पिवळ्या कापडाच्या मधोमध आणा.

प्रतिसाद १
साफ असहमत. संरक्षण लादलेलं नव्हतं. दुसरी एखादी जाचक सत्ता बेट गिळेल या भीतीने राजा फाताआइकी यांनी १८८७ मध्येच व्हिक्टोरिया राणीकडे ते मागितलं होतं. ती मागणी झेंड्यावर नोंदलेली आहे, ती का पुसायची?

मूळ लेखक
मागितलं होतं ब्रिटनचं संरक्षण. १९०१ मध्ये न्यूझीलंडने बेट आपल्याला जोडून घेतलं, ते कुणी मागितलं होतं? जेमतेम वर्षभराच्या संरक्षणाला पाव झेंडा द्यायचा?

प्रतिसाद २
शिवणाऱ्याच्या बाजूनेही युनियन जॅक काढून टाकलेला बरा. ९० × १८० सेंमीच्या झेंड्यात कोपरा ४५ × ९० चा, लाल क्रॉसची पट्टी ९ सेंमी, तिरपी लाल पट्टी ३, तिच्या एका बाजूची पांढरी ४.५ आणि दुसऱ्या बाजूची १.५. टेबलावरच्या १० × २० च्या झेंड्यात क्रॉस उरतो १ सेंमी. त्यावर भरतकामाने तारा काढला की नुसता पिवळा ठिपका. कोपरा वेगळा शिवून जोडताना तो अर्धा फिरला तर युनियन जॅक बरोबरच दिसतो, पण ताऱ्यांची टोकं खाली जातात. पालथा पडला तर तारे ठीक, मात्र काठीलगतच्या वरच्या भागात रुंद पांढरी पट्टी लाल पट्टीच्या वर हवी ती खाली येते. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

प्रतिसाद १
शिवायला अवघड म्हणून चिन्ह बदलायचं नसतं. शेजारच्या कुक बेटांनी १९७३ मध्ये युनियन जॅकशिवाय हिरवा झेंडा घेतला, त्यावर पंधरा सोनेरी ताऱ्यांचं वर्तुळ. १९७९ मध्ये तो उतरवून युनियन जॅकवाला निळा आणला. शिवाय नियुएचा मोठा तारा ब्रिटिश क्रॉसच्या ऐन मध्यावर बसलाय, इतरांपेक्षा मोठा. तो पिवळ्यावर एकटा ठेवलात तर हा अर्थच जाईल.